चौथ्या भागातली सावरी

घार बोलते तेव्हा तिची चोच हलता कामा नये. पुस्तकात ती डोळ्यांनी बोलते.

*

गॅसबत्तीची जाळी एकदा जळून पांढरी झाली की तिला बोट लावायचं नाही. लावलं की राख.

*

लोहाऱ्याहून हायवेला जाणारी जीप अकरा माणसं झाली की सुटते. बारावा आला तर ड्रायव्हर उजवीकडं सरकतो.

*

दगडमातीची भिंत बाहेर पडत नाही, आत पडते.

*

मतदान : पाचव्या भागात सावरी एवढी गप्प का?
धुळीनं घसा बसला म्हणून — ६१
राजावर रुसली म्हणून — ९
ती मेलेली आहे म्हणून — १

*

ते एक मत कोणाचं, हे सगळ्या ग्रुपला माहीत होतं. शिवांजलीचं. बावीस वर्षांची पोरगी, लोहाऱ्याच्या कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. 'धूम्रगड वाचक मंडळ, तावशीवाडी' या ग्रुपात पाचही भाग पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत स्वतःच्या डोळ्यांनी वाचलेली जवळजवळ एकटीच. मत टाकून पाच मिनिटं झाली नाहीत तोच स्क्रीनवर करड्या अक्षरांत ओळ उमटली, दिग्विजयनं शिवांजलीला काढलं.

अयोध्यानं मोबाईल टेबलावर पालथा घातला. वाचनालयात दोन म्हातारे एकाच पेपरची दोन पानं वाटून घेऊन वाचत होते. बारा वर्षं ती गावच्या या सार्वजनिक वाचनालयाची ग्रंथपाल होती. गेली सहा वर्षं, म्हणजे पहिला सिनेमा आल्यापासून, तिला या भांडणाचा कंटाळा आला होता, आणि तो पाठदुखीसारखा होता. दुखणं जात नाही, आणि त्याविषयी नवीन सांगण्यासारखंही काही उरत नाही.

'धूम्रगड' ही पाच भागांची कादंबरी. डोंगरावर सदा धुमसणारा एक गड, त्याचा चक्रम राजा उदंडराय, एक बोलकी घार आणि गडाच्या खालच्या दाराची राखणदारीण सावरी. सावरी आडदांड, तोंडाळ, बापाचं घोंगडं पांघरून हिंडणारी. पुस्तकं पुण्याहून निघाली त्याला चाळीस वर्षं होत आली. मधली बरीच वर्षं ती कुठं मिळत नव्हती, सिनेमा येणार म्हटल्यावर नवी आवृत्ती निघाली. महाराष्ट्रात वेडे पुष्कळ असतील, पण तावशीवाडीचं वेड निराळं. इथं दोन ट्रॅक्टरांच्या मागं 'धूम्रगड' असं रंगवलेलं आहे. एका गाईचं नाव सावरी आहे आणि तिच्या वासराचं उदंडराय.

म्हणून सिनेमे आले तेव्हा गावानं ते परीक्षेचा पेपर तपासावा तसे तपासले. पहिल्यात घारीची चोच हलली. दुसऱ्यात उदंडराय नाचला, तेही बर्फात. आणि सावरीला चांदीचं चिलखत.

"घोंगडं कुठाय? घोंगडं?" सोलापूरच्या थेटरात शंभू उभा राहून ओरडला होता. शंभू साठीचा, चार एकरवाला, एरवी मुका म्हणावा इतका गप्प. "पत्रा पांघरून दार राखती व्हय कुणी? उन्हात भाजून निघंल की!"

"बसा ओ काका," मागून कुणीतरी म्हणालं.

"तुमी वाचलंय का?"

"नाही."

"मग तुमी बसा."

खरं म्हणजे शंभूनंही वाचलं नव्हतं. पण ते पुढं येईल.

तिसरा सिनेमा दिवाळीत आला. चौथ्या भागावरचा. तावशीवाडीहून दोन जीपा भरून गेल्या. पडद्यावर गड खचला, सावरी दगडांखाली गेली, आणि बाहेर आलीच नाही. नावांच्या पाट्या सरकायला लागल्या, दिवे लागले, तरी तावशीवाडीची माणसं खुर्च्यांतून उठेनात. सावरी निघायची वाट बघत होती. शेवटी झाडूवाल्यानं उठवलं.

*

ग्रुपवर त्या दिवसापासून :

— मारली. सरळ मारून टाकली.
— पुस्तकात तिसऱ्या दिवशी निघते. लहान लेकराला पन म्हाईत आहे.
— नव्या आवृत्तीत पण मारलीय. आधी पुस्तक बदललं मग सिनेमा काढला. हुशार आहेत.
— बाहेर निघून पानी मागते आणि म्हणते किती वाजले. तो शीन सोडून सिनेमा काढनं म्हंजे मिठाशिवाय वरन.
— धूम्रगडात घड्याळ नाही तर 'किती वाजले' कसं विचारेल ती? (शिवांजली)
— आली शहाणी.
— जुन्या आवृत्तीतही ती मरतेच. मी पुण्याच्या एका वाचकाकडून फोटो मागवलाय. (शिवांजली)
— फोटो कसा पन बनवता येतो आजकाल.
— गुरुजी खोटं वाचत होते असं म्हननं आहे का तुझं??

त्या दोन प्रश्नचिन्हांशी येऊन गाडी नेहमी थांबायची. अयोध्यानं सहा वर्षांत तिथं एक अक्षर लिहिलं नव्हतं.

*

दिग्विजय दुपारी आला. तिशीच्या आतला, लोहाऱ्यात मोबाईलचं दुकान. 'खरा धूम्रगड' या नावाचं त्याचं चॅनल चाळीस हजार माणसं बघायची. चपला बाहेर काढून आला, म्हणजे काम मोठं होतं.

"आत्या, चौथा भाग काढा."

"आहे की समोर. वरच्या फळीवर."

"तो नवा. मला जुना पायजे. शेडातला. गुरुजींनी वाचला तो."

"फाटलाय. बाइंडिंगला दिलाय."

"माझ्या जन्माआधी दिलाय म्हनं बाइंडिंगला. कुठं दिलाय, लंडनला?"

पेपरामागून एक म्हातारा खोकल्यासारखा हसला.

"आत्या, ऐका. रविवारी गुरुजींना आणतोय. तुळजापूरला गाडी पाठवली की झालं. समाजमंदिरात सगळ्यांना बसवू, शेडातली जी जी माणसं राहिलीत ती पुढं. गुरुजींनी पुस्तक हातात धरायचं. डोळे न्हायत त्यांना, वाचीन म्या. समोर मोबाईल. एकदाच काय ते जगाला दिसू दे."

"आणि शिवांजलीला कशाला काढलंस?"

"खोटं बोलती ती."

"पाहिलंस का तू?"

"मला काय पाहायचंय? माझ्या आजीनं सांगितलंय मला ते. लहानपणी, रोज जेवताना. आजी खोटं बोलंल? गुरुजी खोटं वाचतील?"

पोरगा रागावला होता, पण त्या रागात लबाडी नव्हती, आणि तेच जड होतं. लबाड माणसाला नाही म्हणता येतं.

"शनिवारपर्यंत बघते," ती म्हणाली.

*

आता शेडातलं.

भूकंप झाला तेव्हा अयोध्या चौदा वर्षांची होती. पहाटे चार वाजता गाव आत पडलं. माळवदाच्या घरांवर हातभर माती असायची, ती आणि भिंतींचे दगड असं सगळं माणसांवर आलं. दुपारी तिला चौघांनी उपसून काढलं, त्यातले एक नारायणराव गुरुजी, गावच्या शाळेवरचे मास्तर. तोंडातली माती काढल्यावर ती पहिलं काय बोलली असेल, तर 'किती वाजले?' का विचारलं ते तिलाही कधी कळलं नाही. थोरली बहीण सोनाली त्याच खोलीत होती. ती निघाली नाही.

मग पत्र्याचे शेड आले. एका रांगेत वीस कुटुंबं, मधे पोत्यांचे पडदे. कुणी कुणाशी बोलायचं नाही. संध्याकाळ झाली की माणसं दाराशी येऊन बसत आणि समोर बघत. मदतीच्या कुठल्याशा ट्रकमधून कपडे, भांडी आणि खोकंभर पुस्तकं आली होती. त्यात 'धूम्रगड'चे पाच भाग निघाले. एकेकच प्रत, आणि वाचता येणारे मोजके. तेव्हा गुरुजींनी ठरवलं की पोथी लावतात तसं हे लावायचं. दर शनिवारी दिवेलागणीला. गुरुजी मधे पोत्यावर, समोर माणसं, आणि शेजारी गॅसबत्ती धरून अयोध्या, कारण तिचा हात हलत नसे.

पोथीला असतं ते सगळं होतं. वाचणारा थांबला की ऐकणाऱ्यांनी हुंकारा भरायचा : "बरं." "मग?" "असं व्हय!" भाग संपला की नारळ. बायका आधी तोंडाला पदर लावून ऐकत, मग दुसऱ्या भागात उदंडरायाला शिव्या घालायला लागल्या. तिसऱ्या भागात शंभू, तेव्हा विशीतला, बाप आणि दोन भाऊ गेलेला, घारीच्या एका वाक्याला हसला. त्या रात्री त्याच्या आईनं गूळ वाटला.

चौथा भाग उन्हाळ्यात लागला. त्यातल्या एकशे ब्याऐंशीव्या पानावर काय आहे हे गुरुजींना ठाऊक नसावं. ते आधी वाचून येत नसत. सगळ्यांबरोबरच कळायला हवं, म्हणायचे.

पुस्तकात असं आहे :

सावरीनं दाराची तुळई खांद्यावर तोलून धरली. शेवटचं मूल वाकून बाहेर पडलं. मग गड बसला. तीन दिवस लोक दगड उपसत होते. चौथ्या दिवशी त्यांनी उपसणं थांबवलं.

गुरुजी 'मग गड बसला' इथवर आले आणि हुंकारा आला नाही. वीस कुटुंबांतून एक आवाज नाही. गुरुजींनी मान वर केली. अगदी पुढं विठाबाई बसलेल्या, अयोध्याची आई, मांडीवर दोन्ही हात उताणे टाकून. गुरुजींनी पुन्हा पानाकडं पाहिलं आणि वाचायला लागले :

तीन दिवस लोक दगड उपसत होते. तिसऱ्या दिवशी सांजेला एका म्हातारीला खालून टकटक ऐकू आली. दगड बाजूला केले तर सावरी. केस धुळीनं पांढरे, अंगावर घोंगडं तसंच. तिनं पाणी मागितलं. पाणी पिऊन म्हणाली, किती वाजले?

"बरं," विठाबाई म्हणाल्या. "मग?"

बत्ती धरलेल्या अयोध्याला पान सरळ दिसत होतं. तिथं यातलं काहीच नव्हतं, आणि शेवटचं वाक्य तर तिचंच होतं. गुरुजींनी एकदा तिच्याकडं पाहिलं. तिनं बत्ती थोडी वर केली, एवढंच.

वाचन उठल्यावर पुस्तक त्यांनी तिच्या हातात दिलं. "तुमच्या ट्रंकेत ठेव," म्हणाले. तेव्हापासून ते बाइंडिंगला गेलेलं आहे.

*

शनिवारी सकाळी अयोध्या जीपनं हायवेला आली आणि जळकोटवरून तुळजापूरच्या एसटीत बसली. खिडकीची काच अडकलेली. डोक्यात तेच तेच. ते पान उद्या वाचलं गेलं तर गुरुजी बत्तीस वर्षांनी खोटे पडणार. ज्यांच्यासाठी खोटं वाचलं त्यांच्याच समोर, आणि चाळीस हजार परक्यांच्या. सगळ्यांत पुढं माय बसलेली असणार. पुस्तक दिलं नाही, तर ती पोरगी खोटी ठरलेलीच आहे. पोरगी खरं बोलत होती आणि तिच्या बाजूनं एक शब्द टाकायची अयोध्याला दिवाळीपासून हिंमत झाली नव्हती.

गुरुजी मुलाच्या घरी, मागच्या खोलीत राहायचे. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेलेले. ब्याऐंशी वय. सुनेनं चहा ठेवला आणि दार ओढून घेतलं.

"कोण कोण राहिलंय?" त्यांनी विचारलं.

"शेडातली? माय आहे. शंभू आहे. चांभारवाड्यातली दोघं, वरच्या आळीचे चौघं. आठनऊ असतील."

"चाळीस होते."

"व्हय."

गुरुजींनी बशी चाचपून कप उचलला. "एकदाच बदललं असतं तर निभावलं असतं गं. पण पुढं पाचवा भाग होता. त्यात ती नाहीच ना. नाव दोनदा येतं, तेही जाता जाता. दर शनिवारी मला धाकधूक, आता कुणीतरी विचारणार, गुरुजी, सावरी कुठाय? मी आपला मधेमधे तिला कोपऱ्यात उभी करायचो. सावरीनं मान हलवली. सावरीनं घोंगडं सारखं केलं."

"आणि घसा बसल्याचं?"

"तो माझा बसला होता. सात आठवडे पत्र्याखाली ओरडून वाचायचं म्हणजे काय."

अयोध्याला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी.

"त्यावर आता मतदान घेतात, गुरुजी."

"ऐकलं. नातू वाचून दाखवतो." त्यांनी चहाचा घोट घेतला. "त्या पोरीचंही ऐकलं. घड्याळाचा मुद्दा बिनतोड आहे तिचा. माझ्या वर्गात असती तर पाठ थोपटली असती. आणि आपण तिला गावाबाहेर काढलंय." कप खाली ठेवताना बशीला लागला. "उद्या पुस्तक घेऊन ये, अयोध्या. मी सांगून टाकतो."

"मायसमोर?"

"त्यांच्याचसमोर. दुसऱ्या कुणाचं मला काय पडलंय? मला शिणवटा आलाय बघ. खोटं बोलल्याचा नाही. ते सांभाळायचा."

*

घरी आली तर विठाबाई अंगणात तुरी सोलत बसल्या होत्या. पुनर्वसनातली ही घरं सगळी सारखी, स्लॅबची. विठाबाई अजूनही आत झोपत नाहीत, ओट्यावर झोपतात.

"कुठं गेल्तीस?"

"तुळजापूरला. गुरुजींकडं."

"बरे हायत का?"

"डोळे गेलेत, माय. पार."

"आवाज?"

"आवाज हाय."

"मग झालं," विठाबाई म्हणाल्या आणि पुढची शेंग घेतली.

अयोध्यानं ट्रंक उघडून पुस्तक पिशवीत घातलं. आई दारातून बघत होती की नाही, ते तिनं वळून पाहिलं नाही.

*

रविवारी अकराला समाजमंदिर भरलं. दिग्विजयनं मोबाईल तिकाटण्यावर लावला, दोनदा पुसला. गुरुजी खुर्चीत. पुढच्या सतरंजीवर शेडातली माणसं, मधोमध विठाबाई. शिवांजलीला कुणी बोलावलं नव्हतं, ती आली आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. हातात तिची नवी प्रत, पानापानाला चिठ्ठ्या.

"बाहेरची माणसं कशाला?" कुणीतरी म्हणालं.

"माझ्याच गावात मी बाहेरची का?" शिवांजली म्हणाली.

"बसू द्या तिला," गुरुजी म्हणाले. आवाज खरंच तसाच होता.

दिग्विजयनं बोट दाखवून रेकॉर्डिंग चालू झाल्याची खूण केली. अयोध्यानं पिशवीतून पुस्तक काढून गुरुजींच्या मांडीवर ठेवलं. पहिली आवृत्ती. पुठ्ठ्यावरची घार अर्धी उडालेली. पुढच्या सतरंजीवरून एक लांब श्वास आला, देवळात पडदा सरकल्यावर येतो तसा.

"मला दोन वाक्यं बोलायची आहेत," गुरुजी म्हणाले. "मी या पुस्तकातलं एक पान तुम्हाला चुकीचं वाचून दाखवलं. चुकून नाही, जाणून. सावरी पुस्तकात निघत नाही. ती दगडाखालीच राहते. सिनेमावाल्यांनी बदललेलं नाही. मी बदललं. ही पोरगी म्हणते ते खरं आहे."

मग शंभू हसला.

"गुरुजी, वय झालं तुमचं."

"वय झालं, पण..."

"न्हाय, तसं न्हाय म्हणत. इसरतं माणूस. माझी आई शेवटी मलाच दादा म्हणायची."

"शंभू, मी विसरलो नाही."

"कुणी शिकवलं तुमाला हे बोलायला?" मागून एक बाई म्हणाली, आणि चारसहा माना दाराकडं, शिवांजलीकडं वळल्या.

"अरे, पुस्तक आहे ना समोर!" शिवांजली म्हणाली. "वाचा की. पान एकशे ब्याऐंशी."

दिग्विजयनं पुस्तक घेतलं. पान काढलं. वाचायला लागला. सुरुवातीला चॅनलवरच्या आवाजात, जोरात. "सावरीनं दाराची तुळई खांद्यावर तोलून धरली. शेवटचं मूल वाकून बाहेर पडलं. मग गड बसला." इथं त्याचे डोळे पुढं गेले आणि आवाज मागं राहिला. त्यानं पान उलटलं. परत मागं आला. पुठ्ठा बघितला, आतलं साल बघितलं.

"वाच की रं," शंभू म्हणाला.

"तीन दिवस लोक दगड उपसत होते," दिग्विजय म्हणाला. पुढचं वाक्य त्यानं वाचलं ते इतकं हळू की दुसऱ्या रांगेलाही गेलं नसेल.

"काय म्हनला?"

"चौथ्या दिवशी त्यांनी उपसणं थांबवलं."

अयोध्या उभी राहिली. आपण उभे राहिलो हे तिला उभं राहिल्यावर कळलं. "गुरुजी खरं सांगतायत. बत्ती माझ्या हातात होती. मला पान दिसत होतं. आणि 'किती वाजले' हे मी म्हणाले होते, मला काढलं तेव्हा. शिवांजलीची माफी मागायला पाहिजे आपण. मी तर आधी."

इतकं सलग ती सहा वर्षांत बोलली नव्हती. बोलून झाल्यावर तिला हलकं वगैरे काही वाटलं नाही. पाय दुखत होते.

"तू चौदा वर्साची होतीस, अयोध्ये," शंभू म्हणाला. प्रेमानंच म्हणाला. "आन् तुला तर दगडातनं काढलेलं. तुला काय आठवतंय."

मग विठाबाई बोलल्या. उठल्या नाहीत, सतरंजीवरूनच, गुरुजींच्या पायांकडं बघत.

"गुरुजी, तुमाला आठवंना झालंय. मला आठवतंय. तिसऱ्या दिवशी सांजेला एका म्हातारीला खालनं टकटक ऐकू आली."

"बरं," शंभू म्हणाला.

"दगड बाजूला केले तर सावरी. केस धुळीनं पांढरे. अंगावर घोंगडं तसंच."

"मग?" दोनचार आवाज.

"पानी मागितलं तिनं."

गुरुजींचा हात पुस्तक शोधत मांडीवर फिरला. पुस्तक दिग्विजयकडं होतं.

"विठाबाई," ते म्हणाले, "मी तुम्हाला खोटं सांगितलं हो. तुमच्याकडं बघून."

"तुमी कशाला खोटं सांगताल?" विठाबाई म्हणाल्या. "उन्हाचं आलाय तुमी, पानी घ्या."

शिवांजली दारातून पुढं आली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, रागाचं. "आजी, हे बघा. छापलेलं आहे. जुन्यात आहे, नव्यात आहे. गुरुजी स्वतः सांगतायत. अजून काय पाहिजे तुम्हाला?"

विठाबाईंनी तिच्या हातातलं पुस्तक बघितलं. चिठ्ठ्या लावलेली पानं बघितली. मग तिचा हात धरून तिला शेजारी खाली बसवलं.

"तू वाचलंयस, बाई. ते तुझं बरोबर. आमी वाचलं न्हाय. आमी ऐकलंय."

नारळ आणलेला होता, तो कुणीतरी फोडला, कारण आणलेला होता. दिग्विजय तिकाटणं मिटायला लागला.

"व्हिडिओ कधी टाकतो?" मागच्यानं विचारलं.

"रेंज न्हाय."

"व्हिडिओ काढायला रेंज कशाला लागती?"

"तुला कळत न्हाय त्यातलं," दिग्विजय म्हणाला आणि मोबाईल खिशात घातला.

*

गुरुजींना गाडीत बसवताना अयोध्यानं त्यांचा हात धरला होता. हात हलका, वाळलेल्या शेंगेसारखा.

"सांगितलं मी," ते म्हणाले.

"व्हय, सांगितलंत."

"आता पुढं?"

"आता काय, गुरुजी. जेवून जायला पाहिजे होतं तुम्ही."

*

त्या संध्याकाळी ग्रुपवर एकशे सदतीस मेसेज होते. निम्मे गुरुजींच्या तब्येतीचे. बाकीच्यांत नवा वाद निघाला होता. पहिल्या आवृत्तीच्याही आधी एक हस्तलिखित असणार, आणि शेडात आलेलं ते मूळ खोकं नेमकं कुणी पाठवलं होतं? शंभूनं आयुष्यातला पहिला मेसेज टाकला होता : 'घोंगड्याचं कुनीच बोलंना'. मधे कुठंतरी एक करडी ओळ होती, दिग्विजयनं शिवांजलीला घेतलं. तिनं काही लिहिलं नव्हतं. अयोध्यानं तिला वेगळं लिहिलं, 'उद्या वाचनालयात ये, चहा घेऊ', आणि बराच वेळ दोन निळ्या खुणांकडं बघत बसली.

आई ओट्यावर अंथरूण घालत होती. पुस्तक टेबलावरच होतं. ट्रंकेत परत ठेवायचं की फळीवर लावायचं, हे ठरवायला उठावं लागलं असतं. अयोध्या उठली नाही.

*

विठाबाई साक्षरता वर्गात अक्षरं जुळवायला शिकल्या त्या १९९८ साली, अयोध्या परंड्याला सासरी असताना, आणि ट्रंकेतला चौथा भाग त्यांनी त्याच उन्हाळ्यात सव्वा महिना घेऊन पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला.